खळ्यावरची फायनल

आमच्या मालकांनी उभ्या जन्मात हॉकीची खरी काठी हातात धरली नव्हती. पण भारत हरला की दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन्ही खांदे भरून यायचे. मग ओसरीवर बसून ते खांद्यांना तेल चोळून घ्यायचे आणि कण्हायचे. जिंकलो तर मात्र त्यांना काही दुखत नसे. त्या दिवशी गावातल्या इतरांचं काय काय दुखतं याची ते घरोघर फिरून चौकशी करायचे.

मी भंडाऱ्याच्या कोष्टीपुऱ्यातला. मागाच्या खटखटीत वाढलेला मुलगा. साकोली तालुक्यात, एकोडीच्या पलीकडच्या एका गावात शाळामास्तर म्हणून पोचलो आणि मालकांच्या घरात एक खोली भाड्याने मिळाली. खोली देण्याआधी त्यांनी माझं शिक्षण, गोत्र, पगार यातलं काहीच विचारलं नाही. फक्त विचारलं, "गुरुजी, इंग्रजी समजते का तुमाले? बोललेली?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग राहा." मला वाटलं, काय सुशिक्षित मनुष्य आहे! पुढे कळलं की हॉकीचं धावतं वर्णन रेडिओवर थोडा वेळ हिंदीत आणि थोडा वेळ इंग्रजीत यायचं, आणि इंग्रजीचा भाग सुरू झाला की मालकांचा अख्खा संघ मैदानावर खोळंबून उभा राहायचा. त्यांना भाडेकरू नको होता, दुभाष्या हवा होता.

मैदान आणि संघ हा काय प्रकार आहे, ते सांगतो. आमचा भाग पडला झाडीपट्टी. धान कापून झालं की इथे गावोगाव नाटकं उभी राहतात. नांगर धरणारा माणूस मिशी चिकटवतो आणि राजा होतो, आणि पहाटे तोच राजा बैलाला पाणी पाजताना दिसतो. त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. मालकांनीही तरुणपणी नाटकं बसवली होती. ती एकूणएक पडली. कारण नट भाषण विसरला की मालक पडद्यामागून बाहेर येऊन, प्रेक्षकांसमोर त्याला बोलायचे. मग नाटक सुटलं आणि रेडिओ आला. मालकांनी विचार केला, सामना नुसता ऐकायचा कशाला? पाहायचा. गावात टीव्ही नाही तर नाही, माणसं तर आहेत!

म्हणून महत्त्वाचा सामना असला की मालकांचं खळं शेणाने सारवून घेतलं जाई. चुन्याच्या रेघा ओढल्या जात. दोन्ही टोकांना बांबू रोवून गोल तयार होत. अकरा जण इकडे, अकरा जण तिकडे, हातात बोराटीच्या वाकड्या काठ्या आणि मध्ये चिंध्यांचा चेंडू. बैल सोडून ठेवलेल्या एका बंडीवर रेडिओ आणि रेडिओला कान लावून मी. रेडिओत जे घडेल ते मी ओरडून सांगायचं आणि खळ्यावर तेच घडायचं. तिकडच्या लेफ्ट-आउटने चेंडू पुढे नेला की इकडचा लेफ्ट-आउट चेंडू घेऊन पळायचा. तिकडे कुणी पडला की इकडचाही पडायचा, आणि आमच्याकडे पडण्यात विशेष जीव ओतत. चारी बाजूंनी गाव बसलेलं असायचं. प्रत्येकाची जागा कायमची. धनपाल नावाचा एक गडी वर्षानुवर्षं राइट-इन होता, तर त्याच्या बायकोला बाया पाण्यावर 'राइटिनची' म्हणून हाक मारायच्या आणि ती ओ द्यायची.

एकदा मी म्हणालो, मालक, हे जरा हास्यास्पद नाही का दिसत? तर म्हणाले, "रामाचं काम करनाऱ्याले राम दिसते का जी? पायनाऱ्याले दिसते." माझं बी.ए. मी तिथेच गुंडाळलं आणि बंडीवर चढलो.

त्यांचा नियम एकच. रेडिओ सांगेल तेच. क्वालालंपूरच्या फायनलला, ज्या सामन्यात आपण जगज्जेते झालो, त्या सामन्यात धनपालला देशप्रेमाचं असं काही भरतं आलं की रेडिओ बोलायच्या आतच त्याने चेंडू गोलात मारून दिला. गाव नाचायला लागलं. मालकांनी सामना थांबवला, म्हणजे इकडचा. तिकडचा त्यांच्या हातात नव्हता, एवढंच. धनपालचा कान धरून ते म्हणाले, "तुह्यानं गोल होते का बे? तठी तो मानूस पळून पळून मरून राहिला, अन तू अठी त्याची मेहनत खातेस?" धनपालला खळ्याबाहेर बसवलं. भारत जिंकला तेव्हा गाव एकमेकांच्या गळ्यात पडत होतं आणि राइट-इन धानाच्या रचलेल्या पुंजण्याआड बसून रडत होता. कायदा म्हणजे कायदा.

मालकांचं दुसरं वेड म्हणजे भाषण. पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुणे तेच असायचे आणि विषय तोच असायचा. "खेळ मानसं जोडते. सामना पायला का मानूस जात इसरते, भाऊबंदकी इसरते." हे ते सांगत तेव्हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ चार खुर्च्या सोडून बसलेला असायचा, आणि दोघांनी एकमेकांकडे पाठी केलेल्या असायच्या. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या मोहाच्या एका झाडावरून दोघं बोलायचे थांबले होते. झाड पडून सरपण होऊन जळूनही गेलं होतं, अबोला तेवढा ठणठणीत होता. घराच्या मधोमध कमरेएवढी भिंत. एका घरात तडका दिला की दुसऱ्या घरात ठसका लागायचा, पण शब्द म्हणून पलीकडे जायचा नाही. गावातली वरची टोली, म्हणजे वरची वस्ती, मालकांच्या बाजूची आणि खालची टोली धाकट्याच्या. असा तो मानसं जोडणारा माणूस.

प्रेरणेचं म्हणाल, तर तीही गावाला भरपूर मिळाली. हॉकी ऐकून पोरांना एवढी स्फूर्ती आली की बांधावरच्या बोराट्या शिल्लक राहिल्या नाहीत आणि शाळेच्या छपराची निम्मी कवेलू फुटली. ऑलिम्पिकच्या वेळी मालकांनी पोहण्याची शर्यतसुद्धा तलावात उतरवली. रेडिओवरचा विजेता किनाऱ्याला लागला तेव्हा आमचा विजेता शिंगाड्याच्या वेलात अडकला होता आणि त्याचं धोतर वेगळ्याच दिशेला पोहत होतं. पुढे तालुक्याला कुणीतरी टीव्ही घेतला, तो पाहायला मालक मुद्दाम एसटीने जाऊन आले. आले ते तोंड पाडून. म्हणाले, "पंचवीस मानसं बसली होती जी. सबन डब्ब्याकडं पायत. एकानं एकाचं तोंड नाही पायलं. असा कसा जुडन मानूस?" मी भिंतीकडे पाहिलं. बोललो असतो तर भाडं वाढवलं असतं त्यांनी.

खळ्यावरची खरी अडचण वेगळीच होती. पाकिस्तान कोण होणार? सुरुवातीला चिठ्ठ्या टाकत. ज्याच्या नावाची निघे त्याला तिथल्या तिथे ताप चढायचा. एकाची तर सासू वारली, जी मी दुसऱ्या दिवशी बाजारात कोथिंबिरीचा भाव करताना पाहिली. शेवटी मालकांनी तोड काढली. खालच्या टोलीला पाकिस्तान करायचं. निरोप न्यायचं काम अर्थात माझं. मला वाटलं, आता डोकी फुटतील. धाकट्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यायले सांगा गुरुजी, आमी तं त्यायच्यासाठी तसेही पाकिस्तानच आहोत. येतो." आणि खरंच आला. सेंटर-फॉरवर्ड झाला. मालक आमचे गोलकीपर. तेव्हापासून दोन टोल्या एका खळ्यावर यायला लागल्या, आणि कुणी साहेब गावात आला की मालक त्याला ऐकवायचे, पाहा, खेळाने गाव कसं एक झालं. साहेब मान डोलवायचे. चहा पिऊन जायचे.

या सगळ्यात मनापासून कुणाचा जीव जळत असेल तर तो सुमनचा. मालकांची एकुलती एक पोर. भिंत व्हायच्या आधी ती काकाच्या खांद्यावरच वाढली होती. भिंत झाल्यावरही मागच्या वाडीतून गुपचूप काकीकडे जायची, आणि मालकांना ते माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं ते मोठं छान नाटक करायचे. त्यांच्या नाटकांपैकी न पडलेलं हे एकच. तिचं लग्न सिहोऱ्याकडच्या मुलाशी ठरलं. तारीख माघातली निघाली. त्या दिवशी तिने बापाला तोंडावर सांगितलं की काकाने अक्षता टाकल्याशिवाय ती नवऱ्याच्या गळ्यात हार घालणार नाही. मालक म्हणाले, त्याला कुणी अडवलं आहे, रस्ता मोकळा आहे. पलीकडून धाकट्याचा निरोप आला की दादाने एक शब्द बोलून बोलवावं, मी धावत येईन. एक शब्द. मालकांकडे सामन्यांसाठी हजारो शब्द होते, हा एक नव्हता. सुमनने माझ्यासमोर डोळे पुसले आणि म्हणाली, "सारा गाव बाबाच्या तोंडानं जुडते म्हनते जी, घर काहून नाही जुडत?" मला तेव्हा मालकांचा खरंच राग आला. असला कसला बाप, असं मनात आलं.

त्याच हिवाळ्यात दिल्लीला आशियाई खेळ होते. हॉकीची फायनल, आपल्याच राजधानीत, आणि समोर पाकिस्तानच. दुपारची वेळ होती. धानाची मळणी अर्धी झालेली, खळ्याच्या कडेला पुंजणे उभे. बाया पुंजण्यांना टेकून बसल्या होत्या, त्यांत सुमनही. मालकांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. डोक्याला पांढरा फेटा, आणि दोन्ही नडग्यांना दोन सुपं बांधलेली. गोलकीपरचे पॅड ते. ते चालायला लागले की धान पाखडल्यासारखा आवाज यायचा, पण हसायची कुणाची छाती नव्हती.

पहिला गोल आपला झाला. वरच्या टोलीने काठ्या आभाळात फेकल्या. मालक गोलात उभ्या उभ्या डोळे मिटून हात जोडत होते. त्यानंतर रेडिओला काय झालं कोण जाणे. गोल झाला, तो त्यांचा. पुन्हा झाला, पुन्हा त्यांचाच. मी "गोल" म्हणायचो, माझा आवाज बारीक बारीक होत गेला. प्रत्येक वेळी धाकटा चेंडू घेऊन यायचा, खाली मान घालून मालकांच्या दोन सुपांमधून तो हळूच आत ढकलायचा आणि परत जायचा. एकदाही त्याने वर पाहिलं नाही. खालच्या टोलीच्या एका पोराने टाळी वाजवली तर धाकट्याने त्याच्या पाठीत काठी घातली. चौथा झाला. पाचवा झाला. वरच्या टोलीचे दोघे काठ्या टाकून घरी निघून गेले. धनपाल उभ्या उभ्या रडत होता. सहावा झाला तेव्हा मला वाटलं, आता रेडिओ बंद करावा. बॅटरी संपली म्हणून सांगावं. पण बंडीवरून मालकांचे डोळे दिसत होते. नियम त्यांचा होता. मी बोलत राहिलो.

सातवा गोल झाला. मी सांगितला. धाकट्याने चेंडू ढकलला, आणि मालक त्या चेंडूवर आडवे पडले.

चिंध्यांचा तो चेंडू पोटाशी धरून म्हातारा खळ्यावर पालथा पडला होता. एक सूप फुटलं होतं. रेडिओ एकटाच बडबडत होता. ज्या माणसाने धनपालचा कान धरून त्याला खळ्याबाहेर काढलं, तो माणूस रेडिओने दिलेला गोल देत नव्हता. धाकटा काठी घेऊन पुढे आला. मग वाकला आणि म्हणाला,

"दादा, सोड. रेडिओनं गोल देल्ला."

कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

मालक मातीतूनच म्हणाले, "नाही झाला."

"झाला, दादा."

"रेडिओच्या बापाचं खळं आहे का हे? नाही झाला म्हनतो ना!"

आणि जी जुंपली! कोण कुणाला भीत नाही. सातव्या गोलावरून दोघं मोहाच्या झाडावर गेले, झाडावरून वाटणीतल्या बैलावर, बैलावरून लहानपणच्या कुठल्याशा पतंगावर. सामना संपला, रेडिओवर बातम्या लागल्या, बाजारभाव सांगून झाले, हे दोघं आपले खळ्याच्या मधोमध हात ओवाळून भांडतच होते. गाव गुपचूप बसून ऐकत होतं. त्याहून चांगलं नाटक त्या खळ्यावर झालं नाही. सुमन धावत बंडीपाशी आली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "बोलून राहिले ना जी दोघं!" रडत होती आणि हसत होती. देश सहा गोलांनी हरला होता आणि आम्ही दोघं तिथे आनंदाने रडत होतो. पकडून नेलं नाही कुणी, हे नशीब.

मला वाटलं, जमलं. पण मालक म्हणजे मालक. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की गोल सहाच झाले. साकोलीच्या एसटीने पेपर आला, त्यात ठळक अक्षरात सात. मालकांनी पेपर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "याले काय माहीत? हा होता का खळ्यावर?" हे पलीकडे कळल्यावर धाकट्याचं डोकं सरकलं. त्याने निरोप धाडला की आता नुसत्या बोलावण्याने भागणार नाही, दादाने सात म्हणावं, मग अक्षता टाकतो. मालकांचं उत्तर गेलं की मरेन पण सात म्हणणार नाही. म्हणजे आधी एक शब्द हवा होता, कोणताही चालला असता, आता ठरावीक शब्द लागत होता. प्रगती म्हणतात ती हीच. मी दिवसातून चार वेळा भिंतीच्या इकडून तिकडे जायचो. वरची टोली सहावर ठाम, खालची सातवर. चावडीवर, न्हाव्याकडे, तलावाच्या पाळीवर दुसरा विषय नाही. आंतरराष्ट्रीय खेळाने सगळं गाव एका विषयावर आणून ठेवलं होतं, हे मालकांचं म्हणणं शेवटी खरं झालं बाप्पा.

सुमन रोज सुकत चालली. एका संध्याकाळी ती बापाला म्हणाली, "मी सहा म्हनू का सात म्हनू? मले काका पायजे." मालकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ताटावरून उठून गेले. त्यानंतर मीही त्यांच्याशी खेळाचं बोलणं सोडलं. म्हटलं, घाल चुलीत तुझी हॉकी.

लग्नाचा दिवस उजाडला. मालकांच्या अंगणात बांबूचा मांडव, जांभळीच्या डहाळ्या, सिहोऱ्याचं वऱ्हाड. भिंतीपलीकडे धाकटा आपल्या ओट्यावर बसलेला. धुतलेलं धोतर, नवा फेटा, पायात जोडा. असा सजून कुणी आपल्या घरच्या ओट्यावर बसत नाही. पण बसला होता, आणि मांडवाकडे पाठ केली होती. काकीने दोनदा बाहेर येऊन त्याला काहीतरी म्हटलं, तो हलला नाही.

अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. सुमनच्या हातात हार होता, पण दोन्ही हात खाली. मान वर करून ती भिंतीकडे पाहत होती. वऱ्हाडात कुजबूज सुरू झाली. नवऱ्याच्या मामाने मला विचारलं, पोरीच्या मनात नाही का? मी काय सांगणार? दिल्लीला किती गोल झाले यावर तुमच्या भाच्याचं लग्न अडलं आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मालक आधी लेकीकडे पाहत राहिले. मग वऱ्हाडाच्या मधून वाट काढत निघाले आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. भटजींचा सूर आपोआप खाली आला.

"सात झाले," मालक म्हणाले.

धाकटा उठून उभा राहिला, पण वळला नाही.

मालक पुन्हा म्हणाले, आणि आता आवाज धड नव्हता, "सात झाले बावा. सातवा मी पोटाखाली धरून बसलो. धरून ठेवल्यानं काही होत नाही. पोरगी उभी आहे तठी. चाल."

धाकटा वळला. फाटकातून फिरून आला नाही, त्या वयात भिंतीवर पाय टाकून सरळ अंगणात उतरला. भावाचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, "सहाच झाले दादा. सातवा तुनं अडवला. मी होतो ना तठी."

"अबे, सात म्हनून राहिलो ना मी!"

"सहा."

"पेपरात सात आहे!"

"पेपरवाला होता का खळ्यावर?"

भटजींनी मंगलाष्टक थांबवलं आणि मांडवाबाहेर डोकावून सावली कुठे आली ते पाहिलं. वऱ्हाडाला काही उमजेना. खालची टोली सहा सहा म्हणू लागली, वरची टोली सात सात, आणि आपण बाजू बदलली आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तेवढ्यात अंतरपाटामागून सुमनचा खणखणीत आवाज आला, नवरीने इतक्या मोठ्याने बोलू नये म्हणतात तितक्या मोठ्याने.

"काका, पयले अक्षता टाका. मंग बसा रातभर मोजत."

दोघं भांडत भांडतच मांडवात आले. एकाच ताटातून त्यांनी अक्षता उचलल्या. हार पडला, वाजंत्री वाजली, आणि मालकांनी मूठभर अक्षता टाकल्या त्या नवरदेवापर्यंत पोचल्याच नाहीत. सगळ्या धाकट्या भावाच्या फेट्यावर पडल्या.